'बॅलट स्टफिंग'ला मराठीत काय म्हणाल?

काथ्याकूट: निवडणूक सुधारणांवरच्या एका अहवालाचं भाषांतर करतोय. 'बॅलट स्टफिंग'पाशी गाडी अडलीय. 'मतपेटी भरणे' लिहिलं तर संपादक म्हणतात, पेटी भरायचीच असते, त्यात गैर काय! 'बोगस मतदान' चालेल?

बोरूबहाद्दर: नाही. बोगस मतदान म्हणजे दुसऱ्याच्या नावावर एकेकानं जाऊन केलेलं. तुम्हाला हवंय ते गठ्ठ्यानं कोंबणं.

मीरा_न: मग 'मतदान केंद्र बळकावणे'? लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९पासून त्याला वेगळं कलम आहे, १३५अ.

बोरूबहाद्दर: अधिकारीच सामील असले की न बळकावताही कोंबता येतं.

शुद्धमती: 'बोगस' कशाला मुळात? कायद्याच्या मराठीत 'तोतयेगिरी' आहे की.

गावठी: तोतया म्हटलं की मला पानिपतानंतरचे भाऊसाहेबच दिसतात.

जुनाजाणता: पेटीवरून आठवलं. आमची आजी शेवटपर्यंत "बैलजोडीच्या पेटीत टाकलं" म्हणायची. आम्ही हसायचो, पण तिचं बरोबर होतं. १९५१-५२ला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. पत्रिकेवर खूण करायचीच नाही, चिन्ह बघून त्या पेटीत टाकायची. शिक्का नंतरचा. आता बटण आलं तरी आमच्याकडे प्रचाराला येणारे 'शिक्का मारा'च म्हणतात.

मीरा_न: आणि यंत्र मिनिटाला चार-पाचांहून जास्त मतं घेत नाही. कोंबायला तासन् तास बसावं लागेल, म्हणजे क्रियापदच गेलं!

शुद्धमती: 'मतदान' तरी कुठे बरोबर आहे? मत हा हक्क, ती काय भिक्षा आहे दान करायला? 'मतनोंदणी' म्हणा.

गावठी: दान फाशांचंही पडतं. निकालाच्या दिवशी कळतं.

बोरूबहाद्दर: मतनोंदणी आणि मतदारनोंदणी! यादीत नाव घालायला आलेला माणूस मत देऊन घरी जाईल.

शुद्धमती: सवयीचा प्रश्न आहे. 'महापौर' सावरकरांनी घडवला, रुळला ना?

बोरूबहाद्दर: त्यांचे न रुळलेलेही मोजा कधीतरी.

काथ्याकूट: मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. तूर्त 'पेटीत बनावट मतपत्रिका कोंबणे' लिहितो.

बोरूबहाद्दर: 'बनावट' नको! पत्रिका बहुतेकदा अस्सल असते, मत खोटं असतं.

जुनाजाणता: शिवाय पेटी म्हणजे हल्ली लाख रुपये. लोक भलतंच वाचतील.

गावठी: अहवाल निवडणुकीचाच आहे ना? मग भलतं कसलं!

शुद्धमती: 'हल्ली' फारसी आहे.