‘रिवॉर्ड’ला काय म्हणावं? बक्षीस, इनाम, पुरस्कार की आणखी काही?

सागरगोटी
एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी गाडी अडली आहे. मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पूल गावाजवळ राहते. रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनचं मुख्य कार्यालय इथेच आहे. १८२४ साली स्थापन झालेली, समुद्रात संकटात सापडलेल्यांना वाचवणारी ही संस्था सरकारी नाही. लोकांच्या देणग्यांवर चालते आणि वादळात नाव घेऊन जाणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात. कुणी सुतार, कुणी शिक्षिका, कुणी दुकानदार. माझा लेख ती लोकांना वाचवते कशी याबद्दल नाही. वाचवणाऱ्यांना ती काय देते, याबद्दल आहे.

मी लिहिलं होतं, ‘संस्था पहिल्यापासून जीव वाचवणाऱ्यांना बक्षिसं देत आली.’ संपादककाकांनी खोडून ‘पुरस्कार प्रदान करीत आली’ केलं आणि समासात शेरा मारला, ‘बक्षीस शाळेत मिळते.’ मला ते पटत नाहीये. एकोणिसाव्या शतकात या देण्यात सोन्याचांदीची पदकं होती तसे रोख पैसेही होते. नाव पाण्यात घातली की प्रत्येक खेपेचे पैसे. शिवाय कुणाला स्वतःचं नाव कोरलेली दुर्बीण, कुणाला बॅरोमीटर. या सगळ्याला इंग्रजीत एकच शब्द, ‘रिवॉर्ड’. मराठीत काय?

पाणिनीचा_पणतू
संपादक चूक आहेत, पण तुम्हीही बरोबर नाही. ‘पुरस्कार’ म्हणजे पुढे करणे, पाठिंबा देणे. आगरकरांनी सामाजिक सुधारणांचा पुरस्कार केला, तेव्हा त्यांनी कुणाला शाल-श्रीफळ दिलं होतं? तो अर्थ आता समारंभवाल्यांनी खाऊन टाकला आहे. ‘बक्षीस’ फारसी, ‘इनाम’ अरबी. स्वतःचा शब्द आहे तो ‘पारितोषिक’. परितोष झाला म्हणून दिलेले. रोख असो की पदक, दोन्ही त्यात बसतात.

वात्रट_कार्टं
पारितोषिक म्हटलं की मला स्टीलचा डबा आठवतो. वर झाकणावर सुईने कोरलेलं शाळेचं नाव. चमचा-लिंबू, तिसरा क्रमांक.

फेरफार_उतारा
तीस वर्षं दस्त वाचण्यात गेली म्हणून सांगतो. ‘बक्षीसपत्र’ म्हणजे मोबदला न घेता दिलेली मालमत्ता. मोबदला आला की ते बक्षीसपत्र राहत नाही, खरेदीखत होतं. म्हणजे कायद्याच्या मराठीत बक्षीस हे *कशाच्याही बदल्यात नसतं*. तुमचे नावाडी जीव धोक्यात घालून काम करतात आणि त्याबद्दल त्यांना मिळतं. ते बक्षीस कसं? माझं मत इनाम. चाकरीबद्दल इनाम, मग ती जमीन असो की कडं.

वात्रट_कार्टं
इनाम आता फक्त फरारी आरोपींना लागतं, काका. ‘माहिती देणाऱ्यास योग्य ते इनाम.’

सागरगोटी
फेरफार_उतारा, ‘बदल्यात’ हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण संस्थेचं पहिलंच सुवर्णपदक त्यात बसत नाही. मार्च १८२४, म्हणजे संस्था स्थापन झाल्याला जेमतेम काही दिवस झालेले. हँपशरच्या किनाऱ्यावर, क्राइस्टचर्चजवळ ‘कार्ल जीन’ नावाचं स्वीडिश जहाज फसलं. नौदलाचे अधिकारी चार्ल्स फ्रीमँटल कमरेला दोर बांधून पोहत जहाजावर गेले. त्यांच्या हाताला यश आलं नाही. खलाशी काही दोर धरून यायला तयार होईनात आणि शेवटी फ्रीमँटलनाच बेशुद्धावस्थेत किनाऱ्याला ओढून आणावं लागलं. खलाशी नंतर मोडलेल्या डोलकाठीच्या आधाराने किनाऱ्याला लागले. तरी सुवर्णपदक फ्रीमँटलना मिळालं. (पुढे ऑस्ट्रेलियात पर्थच्या बंदराला ज्यांचं नाव पडलं ते हेच.) मग हे पारितोषिक, इनाम, मोबदला, नेमकं काय?

वात्रट_कार्टं
म्हणजे पहिलंच सुवर्णपदक उत्तेजनार्थ!

पाणिनीचा_पणतू
तुम्ही थट्टा करताय, पण शब्द नेमका पकडलात. ‘उत्तेजनार्थ’ म्हणजे उत्तेजन मिळावे म्हणून. ‘चौथा आला, बिचारा’ हा अर्थ शाळांनी चिकटवला. आणखी दहा जणांनी पाण्यात उडी टाकावी म्हणून पदक, हाच संस्थेचा हेतू असणार. मूळ अर्थाने घेतलं तर ‘उत्तेजनार्थ देणगी’ अगदी योग्य.

फेरफार_उतारा
मूळ अर्थाने घेतलं तर माझा भाऊ ‘साहसी’ आहे. संस्कृतात साहस म्हणजे अविचार, अत्याचार सुद्धा. मूळ अर्थ घेऊन आज कोण चालतंय?

इंजिनरूम
व्यापारी जहाजांवर छत्तीस वर्षं काढली. भाषेतलं कळत नाही, पण ‘बदल्यात’वरून एक सांगतो. जुन्या सागरी कायद्याचा रोख असा की बुडत्या जहाजातला *माल* वाचवला तर वाचवणारा मोबदल्याचा दावा लावू शकतो, कारण वाचलेल्या मालातून पैसे निघतात. नुसता *माणूस* वाचवला तर कशातून देणार? माणूस वाचवणं हे कर्तव्य. मग कोळ्याने हातातलं जाळं सोडून कुणासाठी का जावं? ही पोकळी अशा संस्थांनी भरली. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

मालाच्या त्या दाव्याला मराठीत काय म्हणतात हेही मला कधी सापडलं नाही. एका मुंबईच्या कारकुनाने ‘तारण’ लिहिलं होतं आणि सगळे समजले की जहाज बँकेकडे गहाण पडलंय.

पाणिनीचा_पणतू
‘तारण’ सुंदर शब्द आहे. तारू, तारणे, तारक, तारण, सगळे एका धातूचे. गहाणाचा अर्थ नंतरचा.

रेवसचा_भाचा
मी आजपर्यंत इथे नुसता वाचत होतो. माझं आजोळ रेवसचं. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. जी थोडी वाचली त्यांतली कितीतरी आमच्याकडच्या कोळ्यांनी काढली. पापलेटं घेऊन मुंबईला निघालेल्या होड्यांनी मासळी पाण्यात ओतली आणि माणसं घेतली, असं सांगतात. ही गोष्ट मी आजोळी शंभरदा ऐकली. तीत बक्षीस, इनाम, पारितोषिक यातला एकही शब्द कधी आला नाही. मामा एवढंच म्हणायचा, “पान्यातला मानूस घ्यावाच लागतो. त्याला गाव नाय इचारत.”

आमच्याकडे शब्द आहे तो ‘मान’. नारळी पुनवेला नारळाचा मान, पालखीचा मान. मान पैशाचा असतो, नारळाचा असतो, नुसता पुढे उभं राहण्याचाही असतो. ताई, ‘मान दिला’ लिहा.

सागरगोटी
हा शब्द खूप आवडला. आता दुसरा प्रश्न, आणि तो जास्त अवघड आहे. पदकाच्या खालची पायरी म्हणजे संस्थेचे ‘वेलमवर लिहिलेले आभार’. (कांस्यपदक १९१७ मध्ये आलं. त्याआधी रौप्यच्या खाली हेच.) आजही हा मोठा मान समजतात, घरात चौकटीत लावतात. वेलम म्हणजे कमावलेलं वासराचं कातडं. मी लिहिलं ‘चर्मपत्रावर लिहिलेले आभार’. संपादककाकांचा शेरा: ‘वाचकांच्या भावना.’

वात्रट_कार्टं
माझ्या आजीने ते आभार उंबऱ्याबाहेरच ठेवले असते. वर गोमूत्र.

फेरफार_उतारा
‘सनद’ लिहा. सनद कशावरही असते.

पाणिनीचा_पणतू
सनद म्हणजे अधिकार देणारा कागद. आभार मानणारा नव्हे. ‘मानपत्र’ हा रूढ शब्द असताना कशाला शोधाशोध?

इंजिनरूम
मानपत्र निवृत्तीला मिळतं. मला मिळालंय. त्यात माझं नाव चुकीचं आहे.

सागरगोटी
‘मानपत्र’मध्ये ते कशावर लिहिलंय हे हरवतं ना. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले, त्याला आपण नुसतं ‘प्रमाणपत्र’ म्हणत नाही. धातू शब्दात राहिला. तसं कातडं राहायला हवं.

रेवसचा_भाचा
ढोलकीला, मृदंगाला कातडं चालतं. ते देवळात वाजतात. आभारांनाच का चालत नाही?

पाणिनीचा_पणतू
हा मुद्दा मान्य.

(अर्थात लेख माझा असता तर मी ‘मानपत्र’च लिहिलं असतं.)

सागरगोटी
हेन्री ब्लॉगवरचा परिच्छेदही अडलाय. नॉरफकमधल्या क्रोमर गावचा खेकडे पकडणारा माणूस. लाइफबोटीवर ५३ वर्षं, ८७३ जीव वाचवण्यात त्याचा हात, तीन सुवर्ण आणि चार रौप्यपदकं. १९४७ मध्ये निवृत्त झाला तेव्हा वय ७१. त्याच्या पदाला (इंग्रजीत ‘कॉक्सवेन’, म्हणजे लाइफबोट चालवणारा प्रमुख) मी ‘तांडेल’ लिहिलंय. बरोबर आहे का?

पाणिनीचा_पणतू
कर्णधार! कर्ण म्हणजे सुकाणू. ते धरणारा तो कर्णधार. याहून नेमका शब्द जगात नाही.

वात्रट_कार्टं
कर्णधार ब्लॉग, ८७३ नाबाद.

इंजिनरूम
तांडेल चालणार नाही. आमच्या जहाजांवर सारंग वरचा, तांडेल त्याच्या हाताखालचा. सुकाणी वेगळाच, चाकावर उभा राहणारा. तांडेल लिहिलंत तर ब्लॉगला एक पायरी खाली उतरवाल.

रेवसचा_भाचा
तुमच्या जहाजावर असेल. आमच्या होडीवर तांडेलच्या वर फक्त खंडोबा. होडी कधी निघायची, कधी परतायचं, जाळं कुठे टाकायचं, सगळं तांडेल ठरवतो. ब्लॉग लहान नावेवर होता की मोठ्या जहाजावर?

इंजिनरूम
नावेवर. बरं, तांडेल.

(पण सारंग हा शब्द जास्त भारदस्त आहे. फारसी ‘सरहंग’, म्हणजे सरदार.)

पाणिनीचा_पणतू
तांडेल हा तांड्यावरून आला असावा. तांडा चालवणारा.

फेरफार_उतारा
असावा! कालपर्यंत आपण दुसऱ्यांच्या ‘असावा’वर तुटून पडत होता. तो दक्षिणेकडचा शब्द आहे, मल्याळममध्ये ‘तंडल’ आहे. बंदराबंदराने वर आला.

सागरगोटी
अजून एक. ब्लॉगला ‘कोळी’ म्हणू का? व्यवसायाने होता तोच.

रेवसचा_भाचा
नको. कोळी ही आमची जात आहे. मासे मारणारा प्रत्येक जण कोळी नसतो आणि आता प्रत्येक कोळी मासे मारत नाही. मी स्वतः विम्यात आहे. ‘मच्छीमार’ लिहा.

पाणिनीचा_पणतू
‘मच्छी’ हिंदी. मासेमार लिहा.

रेवसचा_भाचा
आमच्या सोसायटीच्या पाटीवर ‘मच्छीमार’ आहे. रंगवलेली आहे. तुम्ही येऊन बदला.

सागरगोटी
ताजी बातमी. काकांनी परस्पर ‘गौरव केला’ करून पान छपाईला दिलं. सगळीकडे. रोख पैसे दिले तिथेही ‘रोख रकमेने गौरव केला’. ग्रेस डार्लिंगच्या परिच्छेदात तर हसावं की रडावं कळेना. ७ सप्टेंबर १८३८, फार्न बेटांवरच्या दीपगृहाच्या रखवालदाराची २२ वर्षांची मुलगी. ‘फॉरफरशर’ बोट फुटली तेव्हा बापाबरोबर होडी वल्हवत गेली. दोघांना रौप्यपदक. पुढे देशभरातून लोक तिच्या केसांची बट मागायला लागले, चित्रकार दारात बसले. चार वर्षांत क्षयाने गेली. मी लिहिलं होतं, ‘बक्षीस तिला झेपलं नाही.’ छापून आलंय, ‘हा गौरव तिला झेपला नाही.’

वात्रट_कार्टं
गौरव नावाचा मुलगा वाटतोय.

इंजिनरूम
१९८१ चं, इंग्लंडमधल्या पेन्लीच्या लाइफबोटीचं लिहिलंत का? आम्ही तेव्हा त्याच पट्ट्यात होतो, रेडिओवर ऐकलं. ‘युनियन स्टार’ जहाजावरचे आठ आणि लाइफबोटीवरचे आठ, कुणी परत आलं नाही. सुकाणूवाल्याला मरणोत्तर सुवर्ण, बाकी सातांना कांस्य. त्या आठ जणांसाठी ‘गौरव’ही नको आणि ‘बक्षीस’ तर अजिबात नको.

सागरगोटी
लिहिलंय. तिथे मी क्रियापदच टाळलं. ‘आठ पदकं आठ घरांत गेली’ एवढंच. ते काकांनी बदललं नाही.

पदकाच्या मागच्या बाजूचं राहिलं. होडीतले तिघं चौथ्याला पाण्यातून वर घेतायत, आणि भोवती बायबलमधली ओळ कोरलेली. ‘खोल पाण्याने मला गिळू नये’ अशा अर्थाची. मी ‘डोह मला न गिळो’ केलंय.

रेवसचा_भाचा
डोह नदीला असतो. समुद्राला डोह नसतो.

पाणिनीचा_पणतू
‘अगाध’ वापरा. अगाध म्हणजे ज्याला थांग नाही. ‘अगाध मला न गिळो.’

वात्रट_कार्टं
अगाध मला आधीच गिळतंय, हा धागा वाचताना.

फेरफार_उतारा
विषयांतराबद्दल माफी. मचवा आणि पडाव यांत नेमका फरक काय? एका जुन्या दस्तात दोन्ही आलेत आणि किंमत वेगवेगळी लावली आहे. वेगळा धागा काढू का?

रेवसचा_भाचा
इथेच विचारा. पण आधी सांगा, दस्त कुठला? अलीबागचा की रत्नागिरीचा? त्यावर ठरेल.