मदत हवी आहे: घबराट वाढली की ५-४-३-२-१ जमत नाही, काय चुकतंय?

पैलतीर_
गर्दीत किंवा कामाचा ताण एकदम अंगावर आला की छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, आजूबाजूचं सगळं लांब गेल्यासारखं वाटतं. हृदयाची तपासणी झालीय, त्यात काही निघालं नाही. समुपदेशकांनी ५-४-३-२-१ सांगितलंय: पाच गोष्टी बघा, चारांना स्पर्श करा, तीन आवाज, दोन वास, एक चव. शांत असताना जमतं. ऐन वेळी आकडे विसरतात, वास सापडतच नाहीत आणि "हेही जमेना" म्हणून धडधड आणखी वाढते. क्रम मोडला तर चालतो का? आणि चारचौघांत, कुणाच्या लक्षात न येता काय करता येईल? "मन शांत ठेवा" छापाचे सल्ले नकोत, प्लीज.

खडूफळा
क्रम खुशाल मोडा. आकडे फक्त लक्ष गुंतवायला आहेत, खरं काम तपशील करतो. "पंखा, खिडकी, टेबल" अशी हजेरी घेतली तर ती दहा सेकंदांत संपते आणि मागे भीती चालूच राहते. त्यापेक्षा एकच वस्तू घ्या आणि तिची उलटतपासणी करा: कडा गोल की टोकदार, रंग कुठे उडालाय, सावली कोणत्या बाजूला पडलीय, स्क्रू किती. मनात एका वेळी थोडंच मावतं. ती जागा बारकाव्यांनी भरली की काळजीला कमी उरते. मनातल्या मनात, पण पूर्ण वाक्यांत वर्णन करा.

वास सापडत नाही यात नवल नाही. नाक सरावतं, खोलीतला वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो. म्हणून वास सोबत बाळगावा लागतो: घट्ट झाकणाच्या डबीत कापसाचा बोळा, त्यावर सुगंधी तेलाचा एक थेंब. एकदा हुंगायचं आणि डबी बंद करायची. दमा किंवा अर्धशिशी असेल तर उग्र वास टाळा.

आडवाट
मुंग्यांचं कुणी बोललं नाही. श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून मुंग्या आणि गरगर. त्यात "खोल श्वास घ्या" ऐकून माणूस मोठमोठे श्वास ओढतो आणि तो आणखी घटतो! श्वास साधाच ठेवा, फक्त सोडायला जास्त वेळ द्या: नाकाने ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर, दोन-तीन मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. त्रास घबराटीचा नसून दम्याचा किंवा हृदयाचा असला तर प्राणवायू कमी पडतो.

एकांत मिळत असेल तर गार पाणी. श्वास रोखून डोळे आणि गालांवर गार पाण्याचा ओला रुमाल १५ ते ३० सेकंद दाबून धरा. चेहऱ्याच्या नसांकडून मेंदूला संदेश जातो आणि व्हेगस नस हृदयाचे ठोके कमी करते. मनगटावर पाणी घेतलं तर नुसता गारवा कळतो, हा परिणाम चेहऱ्याचा आहे. हृदयविकार, मुळात मंद ठोके, खाण्यासंबंधीचे विकार किंवा ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पैलतीर_
धन्यवाद! पण मीटिंगमध्ये तोंडावर ओला रुमाल कसा धरू :)

सांजवात
टेबलाखाली पाय आहेत ना. टाचा जमिनीत ५ सेकंद दाबा, १० सेकंद सैल सोडा, असं चार-पाच वेळा. सोडल्यावर तळव्यात काय जाणवतं तिकडे लक्ष द्या. खिशातल्या किल्लीचे दाते अंगठ्याने चाचपता येतात.

"सगळं लांब गेल्यासारखं" होतं तेव्हा डोळे मिटू नका, त्याने बऱ्याच जणांचं ते वाटणं वाढतं. उघड्या डोळ्यांनी आधी जवळचं, मग लांबचं बघा.

आणि गर्दी-गोंगाटानेच त्रास होत असेल तर तिथे आवाज मोजत बसणं म्हणजे आगीत तेल. आधी कोपऱ्यात सरका, आवाज कमी करा, मग एकच इंद्रिय वापरा, शक्यतो स्पर्श. मनगटावर रबरबँड मारून घेण्याचा सल्ला मिळाला तर सोडून द्या. जाणीव हवी, वेदना नको. बर्फही कापडात गुंडाळून, मिनिटभराच्या आत बाजूला.

निमित्तमात्र
वरचं सगळं ठीक, पण वेळ चुकली तर काहीच चालत नाही. अस्वस्थतेला ० ते १० आकडा द्यायची सवय लावा. ४-५ असतानाच सुरुवात करा. ८ ला पोचल्यावर पाच इंद्रियांचा हिशेब कुणालाच जमत नाही. तेव्हा टाचा आणि लांब उच्छ्वास, बस्स. ८ वरून ६ झालं तरी उपाय लागू पडला म्हणायचा. दर मिनिटाला "गेली का?" असं बघत राहिलात तर लक्ष पुन्हा धडधडीवरच. जोर साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो, मग ओसरू लागतो.

सराव दिवसातून दोनदा, तीन-तीन मिनिटं. आधी शांत जागी, मग थोड्या गोंगाटात. फक्त शांत जागी केलेला सराव गर्दीत आठवत नाही, तुमचं बहुधा इथेच अडतंय.

खडूफळा यांच्या डबीबद्दल एक शंका: डबीशिवाय बाहेर पडवेनासं झालं तर तिचाच धाक बसतो. मधूनमधून मुद्दाम ती न घेता जा, नाही जमलं तर समुपदेशकांना सांगा. आणि आधीची तपासणी स्वच्छ असली तरी छातीतली कळ हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला किंवा शुद्ध हरपली, तर यातलं काही करत न बसता तातडीची वैद्यकीय मदत घ्या.