मदत हवी आहे: कोलेस्टेरॉलच्या गोळीचा डोस वाढल्यापासून मांड्या दुखतात, दोष नक्की कशाचा?

चारभिंती:

नमस्कार. माझे वय ६१ असून मी साताऱ्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवण्यात आला. तेव्हापासून कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम, अ‍ॅस्पिरिन ७५ आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० चालू आहे. रक्ताची गुठळी रोखणारे क्लोपिडोग्रेल पहिले वर्षभर होते, नंतर डॉक्टरांनीच बंद केले. या दोन वर्षांत गोळ्यांचा मला काडीचाही त्रास झाला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

ऑक्टोबरच्या तपासणीत माझे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७८ आले. स्टेंट बसवलेल्या माणसाचे एलडीएल ५५ च्या खाली असावे, असे सांगून डॉक्टरांनी ६ ऑक्टोबरपासून अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० ऐवजी ८० मिलिग्रॅम सुरू केले. पाच-साडेपाच आठवडे काही जाणवले नाही. १६ नोव्हेंबरला पुतणीच्या लग्नात हौसेने खाली पंगतीला बसलो आणि जेवण उरकून उठायला गेलो, तर मांड्यांनी साफ नकार दिला. शेजारच्या मुलाने हात दिला म्हणून उभा राहिलो. त्याआधी दोन-तीन दिवस पाय भरून आल्यासारखे वाटत होते, पण लग्नघरातील धावपळीचा तो परिणाम असावा, असे मी समजत होतो.

दुखण्याचे स्वरूप नीट सांगतो. दोन्ही मांड्यांचा पुढचा भाग आणि खुबे सारखेच दुखतात. डावे-उजवे असा फरक नाही. तरुणपणी बऱ्याच दिवसांनी बैठका मारल्यावर दुसऱ्या दिवशी पाय जसे धरतात, तसे ते असते, फक्त ते दोन दिवसांत ओसरत नाही. जिना चढताना त्रास होतो, उतरताना अधिक होतो, आणि उकिडवे बसून उठणे तर नकोसे वाटते. गुडघ्यांत कळ नाही, सूज नाही, रात्री पोटरीत गोळे येत नाहीत. कमोडवरून उठताना भिंतीला हात लावावा लागतो, हे लिहायला संकोच वाटतो, पण मदत मागायची तर लपवून उपयोग नाही.

२० नोव्हेंबरला डॉक्टरांना दाखवले. त्यांनी सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) तपासायला सांगितले. ते ४१२ आले. प्रयोगशाळेची कमाल मर्यादा २०० होती. मर्यादेच्या चौपटीच्या आत असल्याने काळजी नको, या वयात पाय दुखायचेच, असे सांगून त्यांनी ८० चा डोस कायम ठेवला. बाहेर तीस-चाळीस माणसे ताटकळत बसली होती, त्यामुळे घाईबद्दल मी त्यांना दोष देत नाही. तरीही, दोन वर्षे न दुखलेले पाय नेमके नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात म्हातारे कसे झाले, हे त्यांना विचारायचे राहून गेले याची रुखरुख लागली आहे.

त्यानंतर माझ्या हातून एक चूक झाली. २ ते १० डिसेंबर असे नऊ दिवस मी कोणालाही न सांगता ही गोळी बंद ठेवली. रोज रात्री दुखण्याला शून्य ते दहामधील गुण देऊन वहीत टिपत होतो. सहावरून ते तीनवर आले. मग पत्नीच्या लक्षात आले की डब्यातील रात्रीचा खण भरलेलाच राहतो. त्यावर घरात जे व्हायचे ते झाले आणि ११ तारखेपासून गोळी पुन्हा सुरू केली. पाच दिवसांत दुखणे पुन्हा पाचवर गेले.

एवढ्यावरून गोळीवर ठपका ठेवता आला असता, पण दोन गोष्टी आड येतात. पहिली म्हणजे, दिवाळी झाल्यावर मी अजिंक्यतारा किल्ला चढणे पुन्हा सुरू केले होते, तेव्हा पाय त्यानेही धरलेले असू शकतात. दुसरी गोष्ट मला अधिक छळते. या गोळ्यांमुळे स्नायू दुखतात, हे मला आधीपासून ठाऊक होते, आणि वाचन करताना लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजमधील एक प्रयोग माझ्या वाचनात आला. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन (माझी गोळी याच गटातील) सोडलेल्या साठ लोकांना वर्षभर आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी बिनऔषधी गोळी आणि काही महिने रिकामी बाटली देण्यात आली. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रासाचे सरासरी गुण शंभरापैकी ८ होते, बिनऔषधी गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. म्हणजे त्रासाचा बहुतेक भाग गोळी घेतो आहोत या जाणिवेतूनच येत होता. मी गोळी थांबवली आणि पुन्हा सुरू केली तेव्हा तिच्याकडे डोळे लावूनच बसलो होतो. तेव्हा माझ्या वहीतील आकड्यांना किती किंमत द्यावी, हे मला कळत नाही.

माझा प्रश्न असा आहे: स्टेंटला धोका न पोचवता, हे दुखणे गोळीचे आहे की नाही याचा छडा लावण्याची काही रीत आहे का, आणि पुढच्या गुरुवारी डॉक्टरांसमोर मी नेमके काय मांडावे? घरातील मंडळी विचारतात म्हणून सांगतो, मधुमेह नाही, मद्य घेत नाही. मध्यंतरी आठवडाभर खोकला झाला होता, त्याचे औषध घरच्या डॉक्टरांकडून घेतले होते. बाकी काही नाही.

आजीचा बटवा:

माझ्या सासऱ्यांनी या गोळ्या कायमच्या सोडल्या आणि ते ठणठणीत आहेत. रोज उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या घ्या. लाल यीस्ट राईसच्या कॅप्सूलही मिळतात, त्या नैसर्गिक असल्याने स्नायूंना त्रास देत नाहीत, असे ऐकले आहे.

खलबत्ता:

मी औषधविक्रेता आहे, म्हणून वरच्या सल्ल्याबद्दल आधी लिहितो. लाल यीस्ट राईसमध्ये मोनॅकोलिन के नावाचा जो घटक असतो, तोच लोव्हास्टॅटिन, म्हणजे १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले स्टॅटिन. कॅप्सूलमध्ये ते किती आहे याचा भरवसा नाही, आणि चारभिंती ८० मिलिग्रॅमवर असताना त्यात त्याची भर टाकणे म्हणजे आगीत तेल. लसूण फोडणीत घालावा. स्टेंटची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये.

चारभिंती, तुमच्या लेखातील शेवटून दुसऱ्या वाक्यापाशी मी अडखळलो. खोकल्यासाठी नेमके कोणते औषध घेतले होते? विचारण्याचे कारण असे की अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचे विघटन यकृतातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) होते, त्याला काही औषधे अडवून धरतात. विघटन थांबले की रोजची तीच गोळी रक्तात कितीतरी अधिक प्रमाणात साठते. प्रतिजैविकांपैकी क्लॅरिथ्रोमायसिन हे त्यातील ठळक नाव. त्याच्यासोबत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. अ‍ॅझिथ्रोमायसिनचे नाव त्याच्याशी मिळतेजुळते असले तरी ते हा घोटाळा सहसा करत नाही. नायट्यासाठी हल्ली सर्रास दिले जाणारे इट्राकोनॅझोल मात्र करते. गाउटसाठी घेतलेले कोल्चिसिनही स्टॅटिनसोबत स्नायूंना बाधू शकते.

दुकानात रोज पाहतो की हृदयाच्या गोळ्या लोक एका चिठ्ठीवर नेतात आणि खोकल्या-खाजेच्या दुसऱ्या, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. सेरिव्हास्टॅटिन नावाचे स्टॅटिन २००१ मध्ये जगभरातून मागे घ्यावे लागले, तेव्हाही त्याने दगावलेल्यांपैकी अनेक जण सोबत जेमफायब्रोझिल हे रक्तातील चरबी कमी करणारे दुसरे औषध घेत होते. बिल किंवा स्ट्रिप सापडते का ते पाहा.

फिरती ओपीडी:

मी फिजिशियन आहे. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे हे लिहिणे गुरुवारच्या भेटीची तयारी म्हणून वाचावे.

आधी तातडीचे. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, किंवा दुखण्यापेक्षा अशक्तपणा वाढू लागला, म्हणजे हात वर करून केस विंचरणे जमेना, तर गुरुवारची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा. अशा वेळी स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडांवर ताण येत असतो. हे फार क्वचित घडते, पण घडले तर तासांचा हिशेब असतो.

तुम्ही वाचलेला प्रयोग खरा आहे आणि त्याचा अर्थही तुम्ही बरोबर लावला आहे. त्याच्या जोडीला आणखी एक आकडा लक्षात ठेवा. सव्वा लाखाच्या आसपास लोकांचा समावेश असलेले चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्टॅटिन घेणाऱ्या २७.१ टक्के लोकांनी स्नायू दुखत असल्याचे किंवा अशक्त झाल्याचे सांगितले, आणि बिनऔषधी गोळी घेणाऱ्या २६.६ टक्के लोकांनीही तेच सांगितले. पण म्हणून तुमचे दुखणे खोटे ठरत नाही. त्याच विश्लेषणात पहिल्या वर्षी दर हजारी सुमारे ११ लोकांचे दुखणे गोळीमुळेच होते, आणि डोस जास्त असेल तर शक्यता थोडी वाढते. तुम्ही त्या अकरांपैकी आहात का, हे सरासरीवरून कधीच कळणार नाही. दोन्ही बाजूंना सारखे, मांड्या-खुब्यांत, डोस वाढल्यावर थोड्या आठवड्यांत सुरू झालेले दुखणे आणि दुपटीला पोचलेले सीपीके पाहता, मी तरी ते वयावर ढकलले नसते.

गुरुवारी चार गोष्टी मांडा. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासले आहे का, हे विचारा. थायरॉइड मंदावले तर कोलेस्टेरॉलही वाढते आणि स्नायूही दुखतात, आणि अशा रुग्णाला स्टॅटिन अधिक बाधते. व्हिटॅमिन डी पाहून घेता येईल. सीपीके पुन्हा करा, पण त्याआधी तीन-चार दिवस किल्ला चढू नका, कारण नुसत्या चढणीनेही ते वाढते. चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम सहा टक्क्यांनी आणखी उतरते. तुमचे ७८ त्याने ७३-७४ होईल. ५५ गाठणारच नाही. ४० वर परत येऊन सोबत इझेटिमाइब १० मिलिग्रॅम घेतले तर ते साठीच्या आसपास यायला हरकत नाही. इझेटिमाइब आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे रोखते. म्हणजे ज्या लाभासाठी तुम्ही ८० सोसत आहात, तो लाभच बेताचा आहे, हे डॉक्टरांपुढे ठेवा.

४० वरही दुखणे राहिले, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी दोन ते चार आठवडे थांबवून मग रोसुव्हास्टॅटिनसारखे दुसरे स्टॅटिन अल्प मात्रेत सुरू करता येते. ते वर सांगितलेल्या विकरावर फारसे अवलंबून नाही. मात्र आशियाई लोकांच्या रक्तात त्याचे प्रमाण अधिक राहते, म्हणून ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. कोणतेच स्टॅटिन सोसले नाही, तर बेम्पेडोइक अ‍ॅसिड आहे. ते यकृतात गेल्यावरच कार्यरत होते, स्नायूंत होत नाही. गोळी थांबवून बरेच आठवडे झाल्यावरही अशक्तपणा वाढतच राहिला, तर स्नायूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत का, हे पाहावे लागते. तुमच्या वर्णनात तसे काही दिसत नाही.

नऊ दिवस गुपचूप गोळी बंद ठेवण्याबद्दल वहिनी जे बोलल्या असतील, त्यात मी भर घालत नाही.

चारभिंती:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खलबत्ता यांनी विचारल्यावर काल संध्याकाळी टेबलाचा खण पालथा घातला. खोकल्याच्या सिरपचे रिकामे खोके, त्यात घडी घातलेले बिल आणि बिलाच्या आत कापलेली स्ट्रिप सापडली. क्लॅरिथ्रोमायसिन ५००, चौदा गोळ्या, तारीख ११ नोव्हेंबर. सकाळ-संध्याकाळ एक अशा सात दिवस घेतल्या होत्या, म्हणजे पंगतीचा दिवस सहावा होता. घरच्या डॉक्टरांनी हृदयाची औषधे कोणती असे विचारले होते, हे मला आठवते. मी “त्याच जुन्या” असे उत्तर दिले होते. डोस दुप्पट झाल्याचे सांगितले नाही.

दुसरेही ध्यानात आले. खोकल्यामुळे ९ नोव्हेंबरपासून मी किल्ल्याकडे फिरकलोच नव्हतो, आणि दुखणे त्याच आठवड्यात सुरू झाले. लग्नानंतर पुन्हा चार वेळा चढलो, त्यातील एक वेळ सीपीकेच्या आदल्या दिवशी. तेव्हा किल्ल्यावरचा आरोप निम्मा तरी मागे घेतो. प्रतिजैविक संपून महिना झाल्यावरही ८० मिलिग्रॅमवर पाय का दुखतात, हे त्याने सुटत नाही; तो प्रश्न इझेटिमाइबच्या मुद्द्यासोबत कागदावर लिहून घेतला आहे.

आज सकाळी हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन करून बिलाची तारीख आणि औषधाचे नाव कळवले. अर्ध्या तासाने त्यांचा स्वतःचा फोन आला. लघवीचा रंग विचारला, येताना टीएसएच आणि सीपीके करून आणायला सांगितले आणि गुरुवारपर्यंत ४० मिलिग्रॅमवर यायला सांगितले. गोळी पूर्ण बंद करायची नाही, हे दोनदा बजावले. ऑक्टोबरमधील जुन्या स्ट्रिपमध्ये ४० च्या सहा गोळ्या उरल्या होत्या. मुदत पाहून घेतली, ती पुढच्या ऑगस्टपर्यंत आहे. रात्रीच्या खणात आता पत्नी स्वतः एकेक ठेवते.