गेटवरचं भांडण: आपल्या ग्रुपवर काल झालेली चर्चा

संजयभाऊ, ए-104: रात्री गेटवर दोन पोरांचं भांडण झालं, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. आता आपल्या गेटवर चाकू निघून राहिले. नागपूरला क्राइम कॅपिटल उगाच म्हणतात का? रात्री 9 नंतर डिलिव्हरीवाले, बाहेरची पोरं, कोणीच आत नको.

देशमुख काका, बी-201: पूर्ण पाठिंबा. आमच्या तालुक्याच्या गावातही हेच चाललंय. पुतण्याने पेपरचं कात्रण पाठवलं, "खुनांत तिप्पट वाढ". चाळीस हजार वस्तीचं शांत गाव होतं जी ते.

मंजुषाताई, सी-303: काकाजी, तिप्पट म्हणजे किती?

देशमुख काका: मागल्या वर्षी 1, यंदा 3.

मंजुषाताई: तीन घरं बसली, हे वाईटच. पण हिशोब पाहा. चाळीस हजारांत 1 खून म्हणजे लाखामागे अडीच, 3 म्हणजे साडेसात. देशाचा 2022 चा दर लाखामागे 2.1 होता. म्हणजे मागलं "शांत" वर्षही देशाच्या वरच होतं, आणि एकही खून झाला नसता तर शून्य. लहान गावाचं वळण एका वर्षात कळत नाही, दहा वर्षं एकत्र धरावी लागतात. देशात 1992 मध्ये लाखामागे साडेचारच्या वर खून होते, तिथून निम्म्याच्याही खाली आले.
आपल्या शहराचंही ऐका. एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे ठेवणारी सरकारी संस्था, महानगरांचा दर 2011 च्या जनगणनेवर काढते. तेव्हा नागपूर 25 लाखांच्या आसपास. शहराच्या कडेला बेसा-बेलतरोडीकडे तेव्हा किती शेतं होती, आठवा. खून आजचे मोजायचे आणि माणसं 2011 ची, तर दर फुगणारच.

निखिल, ए-402: ताई, आकड्याने भीती जात नाही. बायको ड्युटी करून रात्री 11 ला येते. मी गॅलरीत उभा राहतो रोज.

मंजुषाताई: बरोबर आहे बेटा. भीती खरी आहे, फक्त तोंड चुकीच्या दिशेला आहे.
31 वर्षं मी कोर्टात लिपिक होते. मुद्देमाल माझ्या टेबलावरून जायचा. खाकी पाकीट, सुतळी, लाखेचं सील. फोडलं की आतून कांदा चिरायचा चाकू निघायचा. एकाची प्लास्टिकची मूठ वितळून वाकडी झाली होती, रोज शेगडीजवळ ठेवत असतील. पिस्तूल क्वचित. आणि कारणं काय तर गाडीने कट मारला, खुन्नस देऊन पाहिलं, खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची उधारी, दोन भावांमधली सामाईक भिंत. बहुतेकदा मारणारा आणि मरणारा एकमेकांना नावाने ओळखायचे. 2022 मध्ये देशात 28,522 खून झाले, त्यात 9,962 नुसत्या वादातून. पैशाच्या लोभाने झालेले 1,884. डिलिव्हरीवाल्याला गेटवर अडवून यातलं काय थांबणार?

संजयभाऊ: मग काय, हातावर हात ठेवून बसायचं?

मंजुषाताई: नाही. कालचा व्हिडिओ पावणेदोन मिनिटांचा आहे, वरच्या मजल्यावरून काढलेला. तेवढ्या वेळात 112 ला कोणी फोन केला?

प्रणाली, बी-304: मी नाही केला ताई. वाटलं कोणीतरी केलाच असेल.

निखिल: मीही नाही.

मंजुषाताई: मी केला, पण आवाज ऐकून खाली येईपर्यंत आपल्या वॉचमन रामदासभाऊंच्या हाताला लागलं होतं. ते दोघं पोरं आपल्याच गल्लीतले. मधे पडला तो हा वॉचमन, ज्याचं घर भंडाऱ्याकडे आहे. मनगटाच्या वर चार टाके. ओढणी बांधली तरी रक्त थांबेना, आणि हा माणूस म्हणतो, "ताई, गेट उघडं राहिलं."

रेखाकाकू, सी-101: मी इथल्याच जरीपटक्यात राहिलेली आहे. अक्कू यादव या गुंडाच्या वेळी तिकडच्या कस्तुरबा नगरात लोक तक्रार द्यायला भ्यायचे, दिली तर त्यालाच कळायची. 13 ऑगस्ट 2004 ला भर कोर्टात जमावाने त्याला मारला. ऐकून अंगावर काटा आला होता. गोष्ट तिथवर जाऊ द्यायची नसते.

मंजुषाताई: तेच म्हणते काकू. पोलिसांपुढे सगळं पाहिलेला माणूस कोर्टात म्हणतो, मी तिथे नव्हतो. साक्षीदार फितूर, पंच फितूर, आरोपी सुटला. मी हे शेकडो वेळा टाइप केलंय. सुटलेला पोरगा पुढच्या वेळी मोठा चाकू घेऊन निघतो.
रामदासभाऊ उद्या एफआयआर द्यायला तयार आहेत. साक्षीदार कोण?

देशमुख काका: मी पाहिलं. पण 68 वय, ठाण्यात कुठे चकरा मारू?

मंजुषाताई: काकाजी, साठीवरच्या पुरुषाला आणि कोणत्याही बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 179 आहे. पोलीस घरी येतील.

देशमुख काका: मग माझं नाव लिहा. खरं सांगायला घरून काय आणि ठाण्यातून काय.

संजयभाऊ: व्हिडिओ माझ्याकडे मूळ फाइल आहे. डिलीट करणार नाही, पेन ड्राइव्हवर घेऊन येतो. किती वाजता जायचं?

मंजुषाताई: 11 वाजता, गेटवर. रामदासभाऊंच्या दवाखान्याची पावती प्रणालीकडे आहे, 2,350 रुपये. वर्गणी आज संध्याकाळपर्यंत तिच्याकडे द्या.