ब्रेड मशीनमध्ये हॉट डॉग रोल: आडवे पसरतात, काय चुकतंय?

५०० ग्रॅम मैदा, ३२५ मिली दूध, १ अंडं. डो प्रोग्रॅमवर (यात मशीन पीठ फक्त मळून फुगवते, भाजत नाही) मळून रोल वळते. ट्रेमध्ये ते उंच न होता चपटे होतात, वर शिवणही उकलते. यीस्ट वाढवू का?

पिठूळ: यीस्ट नको, दूध कमी करा. अंड्यातही पाणी असतं. एवढ्या मैद्याला २५० मिली दूध, १ अंडं, ४५ ग्रॅम लोणी, ३० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. मळणी सुरू झाल्यावर आठ-दहा मिनिटांनी झाकण उघडून बघाच: गोळा भांड्याच्या कडा सोडून फिरायला हवा. तळाशी चिकटत असेल तर चमचाभर मैदा.

भट्टीवाला: निम्मी चूक वळण्यात आहे. ७०-७५ ग्रॅमचे १२ गोळे करून १० मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर लाटलेलं पीठ मागे आक्रसतं. मग १५ सेंमी लांब चपटं करून घट्ट गुंडाळा, शिवण चिमटून खाली ठेवा. लाटताना मैदा भुरभुरू नका, कोरडी शिवण उकलणारच. दोन रोलमध्ये १ सेंमीच अंतर; फुगून एकमेकांना टेकले की आडवे जायला जागा उरत नाही, वरच चढतात. कडाही मऊ राहतात.

पिठूळ: हो, अंतराचं राहिलंच. ओव्हनमध्ये १९० अंशांवर १५-१८ मिनिटं भाजा. काढल्याबरोबर लोणी फिरवा, पण पूर्ण गार झाल्याशिवाय चिरू नका. आतला भाग सुरीला चिकटून गोळा होतो.