दृष्टी गेलेल्या मित्राला बागेतली शिल्पं हातानं पाहू द्यायची आहेत. कसं जमवावं?

कुंभारवेसकर:

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पोस्टातून निवृत्त झालेला. माझ्या एका मित्रासाठी विचारतोय. सगळे त्याला अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. पूर्व भागात राहतो. उभं आयुष्य चादरीच्या मागावर गेलं, शेवटी जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, होता. जेकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात ना, भोक असेल तिथं धागा उचलला जातो, ती कार्डं तो लाइट गेली तरी बोटांनी चाचपून सांगायचा की नक्षी कुठं चुकली. चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, ते त्याच्या लक्षातच आलं नाही. समोरचा धागा दिसत होता तोवर तो कामावर जात राहिला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे आम्हाला दवाखान्यात बसल्यावर कळलं.

गेल्या रविवारी आम्ही दोघं एका बागेत शिल्पांचं प्रदर्शन पाहायला गेलो. "पाहायला" हा त्याचाच शब्द. हिरवळीवर, कडुनिंबाखाली अशी वीसेक शिल्पं मांडलेली होती. मी एकेक सांगत चाललो. एका ठिकाणी म्हणालो, ही बाई आहे, डोक्यावर घागर आहे. तर तो म्हणतो, "कशी बाई बे? तरणी का म्हातारी? घागर भरलेली का रिकामी?" मला चटकन सांगता येईना. मग मी थांबून नीट पाहिलं. मान ताठ, एक खांदा किंचित खाली. भरलेलीच घागर. त्यानं विचारलं नसतं तर मी पुढं निघून गेलो असतो.

पुढं काळ्या दगडाचा बसलेला बैल होता, जवळजवळ खऱ्या बैलाएवढा. अण्णानं वशिंडावर हात ठेवला. तिथून मानेवर, मग गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीवर, म्हणजे पोळीवर, मग शिंगांवर. सावकाश, चादरीची किनार तपासावी तसा. म्हणाला, "पोळी बारीक हाय. शिंगं मागं जाऊन वर गेलीत. खिलार हाय हा." मी नुसता "बैल" म्हणालो होतो. इतक्यात शिट्टी वाजली. "हात लावायचा नाही, पाटी दिसत नाही का?" अण्णानं हात काढून घेतला. मी त्या माणसाला समजावून सांगितलं. तो वरमला, पण नियम म्हणजे नियम म्हणाला. नोकरी आहे त्याची, माझा त्याच्यावर राग नाही. रिक्षात अण्णा एवढंच म्हणाला, "मागचे पाय राहिले."

तेव्हापासून मला चैन नाही. हातानं दगड खरोखर खराब होतो का? परवानगी कुणाकडं मागायची? आणि सोलापूरच्या जवळपास त्याला कुठं नेता येईल? जाणकारांनी कृपया सांगावं.

शाडूमाती:

काका, मी शिल्पकार आहे. तुमचा अनुभव वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं.

हातानं नुकसान होतं, हे खरं आहे. बोटांना घाम, मीठ आणि तेल असतं. पितळ किंवा ब्राँझवर रासायनिक प्रक्रिया करून आम्ही जो काळपट-हिरवट रंग आणतो तो रोजच्या हाताळण्यानं उडतो आणि तेवढाच भाग पिवळा चकचकीत होतो. देवळातल्या नंदीचं कपाळ कसं गुळगुळीत होतं, ते शेकडो वर्षांच्या हातांमुळंच. पण तो नंदी बसाल्टचा असतो, आपल्याकडचा काळा दगड, फार कठीण. एका माणसानं धुतलेल्या हातानं दहा मिनिटं पाहिल्यानं त्याला काही होत नाही. वाळूचा दगड, प्लास्टर किंवा रंगवलेलं काम असेल तर मात्र मी स्वतः नको म्हणेन.

अण्णांसाठी काळजी वेगळी आहे. भंगार लोखंडाच्या शिल्पाला वेल्डिंगचे काटे राहिलेले असतात. फायबरच्या कडेला काचेच्या तंतूंची बारीक कूस लागते, ती बोटात गेली तर दिसतही नाही. आणि आपल्या उन्हात धातूचं शिल्प दुपारी तव्यासारखं तापतं. म्हणून सकाळी जा. अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

दुसरं म्हणजे, मोठं शिल्प हातानं पाहताना तुकडे कळतात, आख्खं कळत नाही. मोठं काम करण्याआधी आम्ही वीतभर उंचीचा शाडूचा नमुना करतो. तो आधी दोन्ही हातांत दिला की बैल कसा बसलाय हे एका झटक्यात समजतं, मग मोठ्यावर हात भरकटत नाही. शिल्पकाराला गाठून असा नमुना आहे का ते विचारा. बहुतेकांच्या कार्यशाळेत तो कुठल्या तरी फळीवर पडून असतो.

सहा_ठिपके:

माझा भाऊ जन्मापासून पाहू शकत नाही, म्हणून लिहिते. काका, परवानगी मागताना मेहरबानी मागतोय असं लिहू नका. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. त्यातलं कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीबद्दलच आहे. आयोजकांना साधं पत्र द्या, त्यात कलमाचा उल्लेख करा आणि प्रदर्शन उघडण्याआधीचा तासभर मागा. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून "अनुभव" नावाचं दालन आहे, तिथं मूळ वस्तूंच्या प्रतिकृती हातानं पाहता येतात. म्हणजे हे कुणी करतच नाही असं नाही.

एक विनंती. अण्णांचा हात धरून शिल्पावर ठेवू नका. तुमच्या हातावर त्यांना हात ठेवू द्या, तुम्ही शिल्पाला टेकवा आणि मग आपला हात काढून घ्या. आणि आधी बोलू नका. माझा भाऊ म्हणतो, आधी सांगितलं की मी तुझंच ऐकलेलं शोधत बसतो.

सीनाकाठ:

हत्तरसंग कुडलला घेऊन जा. दक्षिण सोलापूर तालुका, शहरापासून ४० किलोमीटरच्या आसपास, भीमा-सीनेचा संगम. तिथल्या हरिहरेश्वर मंदिरात १९९९ च्या उत्खननात सापडलेलं बहुमुखी शिवलिंग आहे. एका दगडावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. ज्यानं जेकार्डची कार्डं वाचली त्याच्या बोटांसाठी यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही. पूजेची जागा आहे आणि जुनं स्मारकही, तेव्हा विचारल्याशिवाय हात लावू नका.

कुंभारवेसकर:

तिघांचेही मनापासून आभार. उशिरा कळवतोय, पण सगळं व्हायची वाट पाहत होतो.

पत्र दिलं. उत्तर येईपर्यंत प्रदर्शन उठलं. बागेत गेलो तर हिरवळीवर नुसते पिवळे चौकोन उरले होते. ताई, तुमचं कलम मी पाठ केलंय, पुढच्या वेळी महिनाभर आधी पत्र देणार.

मग कुडल गाठलं. सकाळी आठलाच पोचलो. तिथल्या माणसाला सगळं सांगितलं. त्यानं आधी अण्णाच्या हातावर पाणी घातलं, मग म्हणाला, "बघू द्या की निवांत." मी ताईंनी सांगितल्यासारखा हात टेकवून काढून घेतला आणि गप्प बसलो. माझ्यासाठी ते अवघड होतं, मला सांगायची सवय लागलीय. अण्णा एका मुखावर बराच वेळ थांबला. नाक, हनुवटी, मग शेजारचं मुख. मग वेग वाढला. आडवी ओळ संपली की खालची ओळ, अंगठ्यानं जागा धरून ठेवायची आणि बाकीच्या बोटांनी पुढं जायचं. हीच त्याची कार्डं तपासायची पद्धत, मी ती तीस वर्षांपूर्वी पाहिली होती आणि विसरलो होतो. मध्येच म्हणाला, "करणारानं कुठं घाई केली नाही बे." अर्धा तास गेला असेल.

नंतर शेजारच्या संगमेश्वर मंदिरात गेलो. तिथं तुळईवर मराठीतला फार जुना शिलालेख आहे, शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा. तो वर आहे, हात पोचत नाही. तेव्हा मी वाचून दाखवला: "वाछि तो विजेया होईवा." जो वाचेल तो विजयी होईल. अण्णानं ते दोनदा म्हणायला लावलं आणि विचारलं, "अक्षरं खोल हायेत का वरचेवर?" मी पुन्हा मान वर करून पाहायला लागलो.

शाडूमाती, तुमचं ऐकून दोन किलो शाडू आणून दिलीय. रोज संध्याकाळी तो ओसरीवर बसून तोच खिलार बैल करतो. वशिंड, पोळी, शिंगं झाली, नातवानं ओळखलीसुद्धा. आता मागच्या पायांशी अडलाय. म्हणतो, बैल बसला की मागचे दोन्ही पाय एका कुशीला येतात, पण दगडातल्या त्या बैलाचे कुठल्या कुशीला होते ते मला सांग. मी तिथं उभा होतो, आणि मी ते पाहिलंच नाही. ते प्रदर्शन कुणी पाहिलं असेल तर एवढं सांगा. उजवीकडं होते का डावीकडं? शाडूवर तो रोज ओलं फडकं टाकून ठेवतोय.