मदत हवी आहे : वावराच्या मोबदल्यावरचा टीडीएस परत कसा मिळवायचा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. कालव्यासाठी बाबांचं दोन एकर वावर गेलं, १४ लाख मोबदला मिळाला आणि त्यातून १० टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला गेला. संपादन २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालचं आहे. त्याच्या कलम ९६ प्रमाणे अशा मोबदल्यावर आयकर लागत नाही, म्हणून पूर्ण रक्कम परत यायला हवी होती.

पण तालुक्याला ज्यांच्याकडून रिटर्न भरून घेतलं त्यांनी हे १४ लाख करमुक्त उत्पन्नात न दाखवता 'इतर उत्पन्ना'त टाकले. आयकर कायद्याच्या कलम १४३(१) ची, म्हणजे रिटर्न तपासून कर किती ते कळवणारी सूचना आली आणि खात्यात जमा झाले फक्त १५ हजार २००. बाबा सातबारा, निवाड्याची प्रत अन् २६एएसचा (कापलेल्या कराच्या नोंदीचा) कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन रोज मला विचारतात, "काय झालं बा त्या पैशाचं?" तूर काढायला मजूर लावायचे आहेत, मला उत्तर सुचत नाही.

कर निर्धारण वर्ष २०२५-२६ आहे. सुधारित रिटर्नची ३१ डिसेंबरची मुदत गेली. ती मुदत गेल्यावर भरता येणारं अद्ययावत रिटर्न भरून परतावा वाढवता येत नाही, हेही समजलं. मग आयकर कायद्याच्याच कलम १५४ ची दुरुस्ती (खात्याच्या आदेशातली उघड चूक सुधारणं) मागावी, की कलम ११९(२)(ब) खाली मुदत उलटल्याच्या विलंब माफीचा अर्ज करावा? चूक रिटर्नमधलीच आहे, म्हणून १५४ चालेल का याची शंका वाटते. कोणी भूसंपादनाचा असा परतावा मिळवला असेल तर अर्जाला कोणते कागद जोडले, तेवढं कृपा करून सांगा.